खेळणे आणि ते घडविणारा हात

इतिहास म्हटला की आपणांस किल्ले, सनदा आणि लढाया आठवतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे तो जरा दुसऱ्या ठिकाणी शोधतो. ज्या वस्तूवर कुणाचा तरी दिवस खर्ची पडला, ती आमच्या लेखी कागदपत्राइतकीच बोलकी असते. सावंतवाडीचे लाकडी खेळणे ही अशीच वस्तू होय.

गावाहून मुंबईस परतणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत काजू-कोकमांबरोबर एखादी लाकडी बैलगाडी, लेकीसाठी भातुकली, नाहीतर रंगीत फळांची परडी असे. केळे, पेरू, आंबा इतके हुबेहूब, की पाहुण्याचा हात पुढे व्हावा! चाळीच्या फळीवर ठेवलेली ती परडी म्हणजे सुटलेल्या गावाची आठवण असे.

हे काम मोठ्या चिकाटीचे. त्याला जुने लाकूड पांगाऱ्याचे. हलके आणि मऊ. कोकणात हे झाड कुंपणाला व मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावीत. लाकूड आधी नीट सुकवावे लागते, नाहीतर ते तडकते. मग तासणे, पटाशीने आकार देणे, घासणे आणि शेवटी रंग. गोल वस्तू फिरवून त्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते.

याच चितारी मंडळींचा दुसरा हुन्नर गंजिफाचा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची १२० पाने. प्रत्येक अवताराचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही कला विझण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केले. त्यामुळे पुंडलिकांचे नाव टिकले. बैलगाड्या घडविणाऱ्या शेकडो हातांची नावे कोणी लिहून ठेवली?

१९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी कारखाना कायदा झाला. पण तो विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेवाचून वीस कामगार असतील, तेथेच लागू होई. पडवीत बसून बाप तासतो, मुलगा घासतो, सून रंग भरते. त्यांना कसले हजेरीपत्रक आणि कसली भरपगारी रजा! दरबार गेला, आणि कायदा उंबऱ्याशीच थांबला. पुढे प्लास्टिकचे खेळणे आले, तेव्हा या घरांच्या पाठीशी कोणीच नव्हते.

लोककला म्हणून गौरव करणे सोपे आहे. गिरणीतल्या माणसाला जे संघटनेने मिळाले, ते या कारागिराला मिळवून द्यायचे तर कारागिरांच्या सहकारी संस्था हव्यात, कच्च्या लाकडाची सोय हवी, पांगारा पुन्हा लावायला हवा. आणि आपण ग्राहकांनी एवढे तरी करावे: परडी हाती घेतल्यावर चार आण्यांसाठी घासाघीस करण्यापूर्वी तिच्यात किती जणांचे किती दिवस गेले, हे विक्रेत्याला विचारावे.