सूर्याचे रेडिओ-बोल



पंचवटीत रामकुंडावर पहाटे आपण सूर्याला अर्घ्य देतो. त्याचा प्रकाश दिसतो, ऊब जाणवते. पण हाच सूर्य रेडिओलहरीही सोडतो बरं का! त्या टिपणारी मोठी दुर्बीण महाराष्ट्रात प्रथम कुठे उभी राहिली? पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईस जाताना जे कल्याण लागते, तिथे.

तिची हकिगत अशी. १९५३ साली गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात गेले. सिडनीजवळ सूर्याच्या अभ्यासासाठी सहा-सहा फुटी ३२ तबकड्या होत्या. त्या तिकडे नकोशा झाल्या, तेव्हा स्वरूपांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि त्या भेट मिळाल्या. तबकड्या दिल्लीत आल्या. पण जोडणार कोण? स्वरूप तर अमेरिकेत! तबकड्या पडून राहिल्या. पुढे डॉ. होमी भाभांनी त्यांना बोलावून घेतले. १९६३ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९६५ साली कल्याणला तबकड्यांच्या रांगा लागल्या : २४ पूर्व-पश्चिम, ८ दक्षिणोत्तर. सूर्याच्या प्रभामंडळाचे तापमान सुमारे दहा लाख अंश, असे त्यांवरून दिसून आले.

आता एक नवे कोडे. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगाने फिरतात, की दिसणाऱ्या द्रव्याची ओढ त्यांना धरून ठेवायला पुरत नाही. म्हणजे न दिसणारे द्रव्य असले पाहिजे; एकूण द्रव्यापैकी सुमारे ८५ टक्के. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते अतिहलक्या कणांचे असेल, तर प्रभामंडळात त्याच्या काही अंशाच्या रेडिओलहरी होतील, असा एक तर्क आहे. प्रभामंडळ बाहेरच्या बाजूस विरळ होत जाते. कणाच्या वजनाशी जिथली दाटी जुळेल, तिथेच हा पालट घडेल. मग बाजाराच्या गलबल्यात एकाच सुराची बासरी वाजावी, तसा ठरावीक कंप्रतेवर बारीक स्वर उमटेल.

युरोपातील लोफार दुर्बिणीच्या नोंदींत शास्त्रज्ञांनी ३० ते ८० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हा स्वर शोधला. २०२४ साली निष्कर्ष छापला : सापडला नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे अपयश नव्हे. विहिरीची जागा कोरडी निघाली, तर तीही सांगून ठेवावी. पुढचा माणूस तिथे खणत नाही.

कल्याणचा अनुभव गाठीशी बांधून स्वरूपांनी पुढे उटीची आणि नारायणगावजवळ खोडदची दुर्बीण उभारली. खोडदच्या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. नाशिकहून पुण्याला जाताना थोडी वाट वाकडी करा, मुलांना त्या दाखवा. आणि दिल्लीत पडून राहिलेल्या त्या ३२ तबकड्यांची गोष्टही सांगा.