लेखनाचा वेग व त्याची किंमत : अवस्थाधिष्ठित एडिटर आणि कोडपूर्ती यांचा तौलनिक विचार

यावल हे गाव जुन्या गॅझेटिअरांतून दोन धंद्यांसाठी नोंदलेले आढळते. एक जाडाभरडा देशी कागद व दुसरी नीळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांनी हे ठाणे निंबाळकरांकडे दिले, व पुढे एकोणिसाव्या शतकात ते इंग्रजी अमलाखाली गेले. नीळ संपली, कालांतराने कागदही संपला. अशा देशी कागदावर दफ्तरी कामासाठी बोरूने जे लिहिले जाई, ते बहुतांशी मोडीत. आणि मोडी ही मुळात वेगाची लिपी होय. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता याहून फार दूरचा आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांमध्ये ज्या दोन साधनांविषयी नित्य वाद चालतो, त्या अवस्थाधिष्ठित एडिटरची व कोडपूर्तीच्या प्लगइनांची तुलना येथे करावयाची आहे. तथापि खानदेशच्या दप्तरांशी परिचय असलेल्या अभ्यासकास हा वाद उलगडण्यासाठी मोडी आणि मायना यांच्याइतका सोयीचा दाखला दुसरा सापडणार नाही.

मोडी लिहिणारा कारकून प्रथम कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई, व नंतर शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरे लोंबवीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा भेद राखला जात नसे, शब्द तोडून लिहिण्याचे बंधन नसे. हा झाला हाताचा वेग. त्याच कारकुनापाशी दुसरेही एक साधन असे, ते मायन्याचे. कोणास तीर्थस्वरूप म्हणावयाचे, कोणास राजमान्य राजश्री, प्रारंभ कसा व शेवट कोणत्या शब्दांनी, हे सारे ठरलेले होते. आणि ते ठरलेले असल्यामुळेच ‘कृ. सा. न. वि. वि.’ एवढ्या पाच अक्षरांत ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे सर्व येऊन जाई. पहिल्या साधनाने काय लिहावयाचे हे ठरत नाही, फक्त ते लवकर लिहून होते. दुसऱ्याने मात्र मजकुराचा काही भाग लिहिणाऱ्याने विचार करण्यापूर्वीच सिद्ध असतो. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातील मोडी कागद वाचू लागलेला विद्यार्थी मायना झपाट्याने ओलांडून मुख्य मजकुराकडे वळावयास लवकर शिकतो, याचे कारण हेच आहे.

आता एडिटरकडे वळू. (येथे एडिटर म्हणजे वृत्तपत्राचा संपादक नव्हे, संगणकावरील मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन.) अवस्थाधिष्ठित एडिटरमध्ये एकाच कळीचा अर्थ आपण कोणत्या अवस्थेत आहोत त्यावर अवलंबून असतो. लेखनावस्थेत ‘डी’ दाबल्यास ते अक्षर उमटते. आज्ञावस्थेत तीच कळ खोडण्याची आज्ञा होते, आणि तिच्यापुढे ‘डब्ल्यू’ दाबल्यास एक शब्द नाहीसा होतो. या रचनेमागे तत्त्वज्ञानापेक्षा यंत्रांची दुर्बलता अधिक होती. केन थॉम्पसन यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ च्या सुमारास ‘एड’ हा एडिटर लिहिला, तेव्हा समोर पडदा नसून कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र असे. दुरुस्त केलेला मजकूर मागितल्याशिवाय दिसत नसे, त्यामुळे आज्ञा जितकी तोकडी तितकी बरी. पुढे लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कुलुरिस यांनी त्यावर ‘एम’ हा सुलभ एडिटर रचला. तो बर्कली येथे पाहून बिल जॉय यांनी १९७६ पासून ‘एक्स’ व त्याचे पडद्यावरील रूप ‘व्हीआय’ सिद्ध केले. जॉय हे काम घरून संथ मोडेमवरून करीत. त्यांच्यापुढील एडीएम-३ए या यंत्रावर बाणांची चिन्हे एच, जे, के व एल या कळांवरच कोरलेली होती. म्हणून त्या चार कळा आजतागायत कर्सर हलवतात. ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले. ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये ‘व्हिम’ प्रसिद्ध केला व २०२३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत तो सांभाळला.

या पद्धतीस विरोधक लवकर भेटले. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी टिमथी मॉट यांच्यासह ‘जिप्सी’ हा अवस्थाविरहित एडिटर १९७५ च्या सुमारास रचला, आणि अवस्थांविरुद्धचा त्यांचा आग्रह इतका की मोटारीच्या पाटीवरही त्यांनी तीच घोषणा लावली होती. त्याच केंद्रातील ‘ब्राव्हो’ या एडिटरविषयी एक गोष्ट सांगितली जाते. आज्ञावस्थेत असल्याचे विसरून कोणी ‘एडिट’ हा शब्द टाइप केला, तर ‘ई’ने सर्व मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो खोडला जाई, ‘आय’ने लेखनावस्था सुरू होई व कागदावर एकटा ‘टी’ उरे. टेस्लर यांची बाजू सामान्य माणसाच्या दृष्टीने योग्यच होती. परंतु दिवसाचे आठ तास मजकूर दुरुस्त करणाऱ्याचा प्रश्न निराळा. तो मोडी कारकुनाचा प्रश्न आहे.

कोडपूर्तीची वंशावळ वेगळी आहे. टेनेक्स या प्रणालीत १९७० च्या सुमारासच अर्धवट लिहिलेली आज्ञा एक कळ दाबून पूर्ण करून घेता येत असे. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये ‘इंटेलिसेन्स’ आणल्यावर नावामागे टिंब देताच पुढील शक्य शब्दांची यादी उघडणे ही प्रोग्रॅमरची सवय झाली. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचे प्लगइन निराळे लिहावे लागण्याची आपत्ती २०१६ मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने बरीच टळली. दहा एडिटर व दहा भाषा यांसाठी शंभर जोडण्यांऐवजी वीस पुरू लागल्या. २०२१ मध्ये गिटहबच्या ‘कोपायलट’ने शब्दाऐवजी ओळीच्या ओळी सुचवावयास आरंभ केला. पूर्वीची यादी प्रोग्रॅमच्या व्याकरणातून निघे, म्हणून तीत नसलेले नाव सहसा येत नसे. ही नवी सूचना असंख्य जुन्या प्रोग्रॅमांच्या सरावातून निघते, आणि ती अस्तित्वात नसलेले नावही तितक्याच आत्मविश्वासाने पुढे करते. या दोहोंना एकच नाव द्यावे काय, याचा विचार व्हावयास हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते देऊ नये.

या दोन साधनांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानण्याचा प्रघात मात्र निराधार आहे. व्हिमच्या सातव्या आवृत्तीने २००६ मध्ये भाषेनुसार पूर्ती स्वीकारली, तीही लेखनावस्थेच्या पोटातील आणखी एक उपावस्था म्हणून. म्हणजे पूर्ती अवस्थेच्याच घरात नांदावयास आली. खरा भेद श्रम कोणाच्या वाट्यास जातात यात आहे. अवस्थाधिष्ठित एडिटरची किंमत शिकणारा पहिल्या काही आठवड्यांत चुकवतो. मोडीच्या वेगाची किंमत वाचणाऱ्याने चुकवली, व आज मोडी वाचणारे दुर्मीळ झाल्यावर ती अधिकच जड झाली. मायन्याच्या संक्षेपातही भार वाचकावरच असे, कारण ‘कृ. सा. न.’ पूर्ण करणारा तोच. कोडपूर्तीने हा क्रम उलटा केला. संक्षेप लिहिणारा देतो, विस्तार यंत्र करते, आणि लांबलेला मजकूर तपासण्याचे काम पुढच्या माणसाच्या गळ्यात पडते. लिहिणाऱ्याने तो स्वतः बारकाईने वाचला असेलच असे नाही.

यावल तालुक्याच्या दृष्टीने या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे सर्वश्रुत झालेले फैजपूर याच तालुक्यात असून तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास प्रोग्रॅमचे तर्कशास्त्र अडत नाही तितके इंग्रजी नावांचे स्पेलिंग अडते. ‘गेटएलिमेंटबायआयडी’ या नावात अखेरच्या दोन अक्षरांपैकी पहिले मोठ्या लिपीतील व दुसरे लहान, एवढे चुकले तरी प्रोग्रॅम थांबतो. असल्या ठिकाणी यादीतून नाव उचलण्यास आळस म्हणणे हा शहरी अहंकार होय. उलट व्हिमच्या आज्ञा इंग्रजी आद्याक्षरांवर उभ्या आहेत, आणि त्यांचा क्रमही इंग्रजी आहे. आधी ‘खोड’, मग ‘शब्द’. आपण ‘शब्द खोड’ म्हणतो. कॅकून व हेलिक्स या अलीकडच्या एडिटरांनी आधी निवड व मग क्रिया असा क्रम ठेवला आहे, तो योगायोगाने मराठी वाक्याचाच झाला. देवनागरी कळफलक चालू असता आज्ञावस्थेत जावे तर ‘डी’च्या जागी भलतेच अक्षर येते. त्यावर व्हिममध्ये लेखनावस्थेपुरता कळफलक बदलण्याची सोय आहे, पण ती ठाऊक करून घ्यावी लागते. टर्मिनलच्या समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे नीट बसत नाहीत, ही अडचण वेगळीच.

इतिहासाच्या अभ्यासकास यातील एक गोष्ट पुढे फार जाचणार आहे. मोडी पत्रात कारकुनाचे वळण ओळखता येते. महत्त्वाच्या पत्राअखेर धन्याने स्वदस्तुराने चार ओळी घातल्या असतील तर त्या हातानेच वेगळ्या पडतात, व संपादक तशी टीप देतो. प्रोग्रॅमला हस्ताक्षर नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या ‘गिट’मध्ये प्रत्येक ओळ कोणी व केव्हा दाखल केली याची नोंद मिळते, आणि ती कोणत्याही दप्तरखान्याला हेवा वाटावा इतकी चोख असते. परंतु ओळीपुढे नाव लागते ते दाखल करणाराचे. ती त्याने अक्षर अक्षर लिहिली, यादीतून नाव उचलून पुरी केली, की यंत्राने सुचवलेली संबंध ओळ एक कळ दाबून स्वीकारली, याचे चिन्ह त्या नोंदीत सहसा उमटत नाही.