ठासणीची शिकारी बंदूक : गोळी, दारू आणि जेम्स फोर्सिथ

ठासणीच्या बंदुकीत दारूचे प्रमाण शिकाऱ्याच्या हाती असे. मात्र कोणत्या गोळीमागे किती दारू ठासावी, यास नळीतील पीळ मर्यादा घालीत असे. १८५३ च्या एनफिल्ड या लष्करी बंदुकीत सुमारे ५३० ग्रेन वजनाची लांबट गोळी अवघ्या अडीच ड्रॅम दारूवर सुटे. सैन्याच्या तुकडीवर मारा करण्यास ती पुरेशी होती. परंतु मंद वेगामुळे गोळीचा मार्ग कमानदार होई. झाडीत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम वरखाली होई, आणि जखमी वाघाशी गाठ पडे ती बहुधा निःशस्त्र हाकाऱ्यांची.

नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात सेवा केलेल्या जेम्स फोर्सिथ याने १८६३ च्या आपल्या ग्रंथात गोल गोळीची बाजू घेतली. त्याच्या पसंतीची नळी १४ बोअरची, म्हणजे एक पौंड शिशाच्या चौदा गोळ्या होतील अशा मापाची. अर्थात गोळी ५०० ग्रेनची. वेगासाठी दारू भरपूर वाढवावी, तर घट्ट पिळाच्या नळीत कापडात गुंडाळलेली गोळी खाचा सोडून सरळ घसरते. म्हणून त्याने १०४ इंचांत एकच फेरा, असा सैल पीळ सुचविला. गोल गोळीचा वेग लवकर ओसरतो, हा आक्षेप खराच. पण तो लांब पल्ल्याचा आहे. जंगलातील मारा बहुधा जवळचा. १८७१ मध्ये फोर्सिथ वारला, तेव्हा मागून भरण्याच्या बंदुका शिकारीत रूढ होऊ लागल्या होत्या.