खर्जाची तार

भाजीबाजारात कुणी ओळखीचा भेटला आणि बरोबरच्या माणसाला माझी ओळख करून देऊ लागला, की तो हमखास सांगतो, "हे गिटार वाजवतात हं." मी नम्रपणे दुरुस्ती करतो, "बेस गिटार." मग तो गृहस्थ क्षणभर विचारात पडतो आणि म्हणतो, "म्हणजे ती चार तारांची? जिचा आवाज ऐकूच येत नाही ती?" चाळीस वर्षे मी हा प्रश्न ऐकत आलो आहे. पूर्वी राग येई. आता येत नाही. कारण माझ्या वडिलांना माझे म्हणून जे काही थोडे ऐकू आले, ते याच आवाजातून. ही हकीगत त्या आवाजाची आहे, आणि ज्या लालबाग-परळात तो मी शिकलो त्या वस्तीचीही आहे.

आमचे आबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंत धुराडी उभी राहिली आणि गिरणगाव वसले. त्या गिरणगावाचे लोक काय काय आठवतात! कुणाला खानावळीतली आमटी आठवते, कुणाला शाहिरांचे पोवाडे. मला आठवतो तो भोंगा, आणि फाटकाशी आबांचा डबा घेऊन उभे राहिले की आतून येणारी धडधड. साचेखात्यात शेकडो माग एका वेळी चालतात. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. पाळीभर कुणी कुणाशी बोलत नसे. बोटांच्या खुणा आणि ओठांच्या हालचाली यांवर सारे काम चाले.

अशा आवाजात वीस-पंचवीस वर्षे काढली की कान जातो. पण तो एकदम जात नाही आणि सगळा जात नाही. आधी जातात ते उंच स्वर. सेकंदाला चार हजार कंपने असलेल्या स्वरांच्या आसपास पहिले खिंडार पडते. 'स', 'श', 'थ', 'फ' या अक्षरांचा उच्चार कळतो तो याच उंच भागातून. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो ते कळत नाही. बायकामुलांचे बोलणे सर्वांत आधी हरवते. घरात मात्र आम्ही सगळे म्हणत असू, "आबांचे लक्षच नसते." खर्जाचे स्वर पुष्कळदा शेवटपर्यंत टिकून राहतात, हे शास्त्र मला फार उशिरा समजले. वाद्य आधी हाती आले.

त्या वाद्याचीही थोडी कुळकथा सांगायला हवी. पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्ज सांभाळण्याचे काम 'डबल बेस'चे. हे वाद्य माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचे. ते टॅक्सीत मावत नाही, आणि भोवती तुताऱ्या वाजू लागल्या की त्याचा आवाज बिचारा बुडून जातो. १९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, लिओ फेंडर नावाच्या माणसाने यावर तोड काढली. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आपल्या लॅमिंग्टन रोडवर त्याचे दुकान शोभले असते. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. त्याने एक भरीव लाकडाची फळी घेतली, तिच्यावर चार जाड तारा ताणल्या आणि त्यांच्याखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले. तार हलली की वेटोळ्यात वीज खेळते; ती वीज यंत्रातून मोठी करून स्पीकरला द्यायची. इतकीच ही युक्ती. सहा फुटांचे धूड खांद्याला अडकवून लोकलमध्ये चढण्याजोगे झाले.

गंमत अशी, की त्याच १९५१ साली आपल्याकडे 'अलबेला' पडद्यावर आला. भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचे, आणि त्यांच्या ताफ्यात ट्रंपेट वाजवायला गोव्याचे चिक चॉकलेट. पुढे १९५७ च्या 'आशा' चित्रपटात याच चितळकरांनी रॉक-अँड-रोलच्या ठेक्यावर गाणे बांधले आणि ते गल्लीबोळांतून पोरांच्या तोंडी झाले. तेव्हा रॉक हे काल-परवाचे विलायती फॅड आहे असे कुणी म्हणाले, की मी त्याला पुणतांब्याची आठवण करून देतो.

या सगळ्यात गोव्याच्या मंडळींचे ऋण मोठे. गिरगावच्या टोकाला धोबीतलाव. तिथल्या गल्ल्यांत गोव्यातल्या एकेका गावाने चालवलेले 'कूड' असत. कूड म्हणजे नोकरीसाठी मुंबईत आलेल्या गावकऱ्यांचे वसतिगृह: एक मोठी खोली, भिंतीशी ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा. चर्चच्या शाळेत ही मुले स्वरलिपी वाचायला शिकत आणि मुंबईत येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसत. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला खर्ज आपल्या पोटात घुमतो, त्यामागे टोनी वाझ यांची बेस गिटार आहे. गाणारी माणसे आपल्याला माहीत असतात. तळाची माणसे कुणी विचारत नाही.

अशाच एका कुडात, १९८४ साली, एका खलाशाकडून मी माझी पहिली बेस गिटार घेतली. जपानी होती, रंगाचे टवके उडालेली. तो संपानंतरचा काळ. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले होते. पुष्कळांना पुन्हा आत जाता आले नाही, त्यांत आमचे आबा होते. आई डबे करून घर चालवी. तिच्या भिशीचा नंबर लागला, तेव्हा ते पैसे तिने माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आबांना विचारू नकोस. सांगितलं तरी ऐकू कुठं येतंय!" ती हसून म्हणाली, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

गिटार आली, पण तिला तोंड नव्हते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून एका मित्राने ॲम्प्लिफायर जुळवला, चाळीतल्या सुतारकाकांनी प्लायवूडचा भक्कम खोका करून दिला आणि त्यात पंधरा इंची स्पीकर बसवला. तेव्हा मला पहिला धडा मिळाला: बेसवाल्याने आधी खोका पाहावा, मग गिटार. कारण खर्ज म्हणजे पुष्कळ हवा हलवणे. माझी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिची एक लाट हवेत २७ फूट लांब पसरते. आमची खोली दहा बाय बारा! ती लाट तिथे मावायची कशी? ती भिंती ओलांडून शेजारी जाई. वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यातून ओरडत, "मेल्या, तुझी गिटार आमच्या मांडणीवरच्या डब्यांत वाजते रे!"

आबा संध्याकाळी त्या खोक्यावरच पेपर वाचत बसत. आमच्याकडे दुसरी बैठक होतीच कुठे? एकदा ते बसलेले असतानाच मी तार छेडली. ते ताडकन उठले. मग खाली वाकून त्यांनी खोक्यावर तळहात टेकला आणि म्हणाले, "वाजव." मी वाजवत राहिलो. डोळे मिटून ते बराच वेळ ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझा चौथा साचा मागं पडतोय." मी पुन्हा वाजवून पाहिले. खरेच, दर चौथा ठोका मी किंचित उशिरा देत होतो. ज्या माणसाने जन्मभर धडधडीतून बिघडलेला माग ओळखला, त्याला माझ्या ठोक्यातले व्यंग ओळखायला कितीसा वेळ लागणार? त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमची शिकवणी सुरू झाली. शिकवणारा बहिरा होता, असे जग म्हणत असे.

पैशांसाठी मी गणपतीत बेंजो पार्टीत जाई. हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावाचे टंकलेखनयंत्रासारख्या बटनांचे तंतुवाद्य केले. त्याचेच हे हिंदुस्थानी रूप. लालबागच्या पोरांनी त्याला विजेची जोड दिली, ढोल-ताशे बरोबर घेतले आणि सगळा संसार ट्रकवर चढवला. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणपती बसला, त्या परंपरेला हा नवा कंठ फुटला. विजेवरची तार, ठणकते ताल आणि भान हरपून नाचणारी गर्दी: रॉक याहून वेगळे काय असते? फरक इतकाच, की बेंजो उंच स्वरांत बोलतो. आबा मिरवणुकीत माझ्या शेजारून चालत आणि तो त्यांना ऐकू येत नसे.

रॉकवाल्यांचे देऊळ म्हणजे धोबीतलावचे रंगभवन. झेवियर्स महाविद्यालयालगतचे हे उघड्यावरचे नाट्यगृह. १९७८ साली पहिली 'जॅझ यात्रा' तिथे भरली. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू केले आणि तरुण पोरांची तिथे जत्रा लोटू लागली. 'रॉक मशीन' हा १९८४ मध्ये निघालेला मुंबईचा बँड तिथला लाडका. त्यात गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. परक्यांची गाणी वाजवता वाजवता ही मंडळी स्वतःची गाणी करू लागली, हे त्यांचे खरे कर्तृत्व. आज रंगभवनच्या गल्लीचे नाव काढले, की लोकांना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते, आणि ते साहजिकच आहे. आम्हाला त्याआधीच्या रात्रीही आठवतात.

एका छोट्या जलशात मीही तिथे वाजवले. आबा आले होते, पांढऱ्या टोपीसकट. उघड्या मैदानात खर्जाला अडवायला भिंत नसते, तो विरून जातो. म्हणून मोठाले खोके भाड्याने आणले होते. आबा त्यातल्या एकाला खेटून दोन तास उभे राहिले. परत येताना म्हणाले, "बाकीचे नुसते हात हलवत होते. तू वाजवलंस." त्यांच्या कानांच्या हिशेबाने ते अगदी खरे होते. एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, न्यायालये यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र; तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा; रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनच्या एका अंगाला महाविद्यालय, जवळच कामा रुग्णालय. काही वर्षांतच तिथले दणदणीत जलसे थांबले. आम्ही वादक मंडळी संतापलो. मी तर चारचौघांत तावातावाने म्हणालो होतो, की या शहराला गिरण्यांची धडधड शंभर वर्षे चालली, ती आमची दोन तासांची चालत नाही.

याचे उत्तर मला २००६ च्या गणपतीत मिळाले. आबा एका रुग्णालयात होते. रात्री खालून मिरवणूक निघाली होती. ट्रकवर खोक्यांची भिंत रचलेली. खिडकीच्या काचा थरथरू लागल्या. शेजारच्या खाटेवर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेला माणूस होता. प्रत्येक ठोक्याला तो कण्हत होता आणि त्याची बायको त्याच्या कानांवर हात धरून बसली होती. इकडे आबांनी खिडकीच्या गजाला हात लावला. कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "वाजतंय," ते म्हणाले.

मी कुणाचे ऐकायचे होते? मी जिने उतरून खाली गेलो. ट्रकवरचा एक पोरगा मला ओळखत होता. "काका, तुम्ही सांगता हे?" असे म्हणाला, पण फाटक ओलांडेपर्यंत त्याने खर्ज बंद केला. वर आलो, तर शेजारचा माणूस शांत पडला होता. आबा मात्र गजावर हात ठेवून विचारत होते, "का रे थांबलं?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले. त्यांना कळले नाही. त्याच वर्षी ते गेले.

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या कानात घंटा वाजल्यासारखा नाद सुरू झाला, म्हणून तपासणी केली. डॉक्टरांनी आलेख समोर धरला. चार हजारांपाशी रेघ खोल खाली गेली होती. आबांचा वारसा, फक्त साचेखाते वेगळे. नातीचे बोलणे मला अर्धेच कळते. ती मला "आजोबा, लक्ष कुठंय?" असे विचारते, तेव्हा मी रागावत नाही.

नवी मुले माझ्याकडे शिकायला येतात आणि विचारतात, गिटार कुठली घेऊ, ॲम्प्लिफायर किती वॅटचा घेऊ? मी सांगतो, आधी कानात घालायची बोंडे घे. ती सर्वांत स्वस्त आहेत. मग खोका बरा घे. आवाज चढवू नकोस; ठोका जागेवर पाड. खर्ज जागच्या जागी पडला, की तो हळू वाजवला तरी पोहोचतो. सुतारकाकांचा खोका अजून माझ्या घरी आहे. शिकवताना मी त्याच्यावर बसतो आणि मुलाला म्हणतो, "वाजव." कान दगा देतात, पण चौथा साचा मागे पडला, तर तो अजून मला बरोबर कळतो.