१७ सप्टेंबर : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि आपण

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात शाळाशाळांतून झेंडावंदन होते. आपल्या घरांतली जुनी माणसं मात्र या दिवसांना ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात आणि फारसं बोलत नाहीत. मग मुलं विचारतात, "आपण तेव्हा कुणाच्या बाजूने होतो?" आम्हा शिक्षकांनाही वर्गात हा प्रश्न येतो. म्हणून थोडक्यात माहिती.

काय घडले?
१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थान भारतात विलीन केले नाही. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्याच संस्थानात होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात दाखल झाल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

सगळे मुसलमान रझाकार होते का?
नाही. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि विलीनीकरणाच्या बाजूने लिहिले. त्यासाठी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. विलीनीकरण त्यांना पाहायला मिळाले नाही.

घरातली माणसं गप्प का?
कारवाईनंतर अनेक भागांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींच्या समितीने पाहणी करून मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार सांगितला. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद याच अहवालात आहे. तो अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

पुढे काय झाले?
१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग आहे.

मुलांना काय सांगावे?
रझाकारांचे जुलूम लपवू नयेत आणि आपल्या माणसांचे दुःखही लपवू नये. शोएबुल्ला खान यांचे नाव तर जरूर सांगावे. घरात त्या काळाच्या आठवणी ऐकलेले कुणी बुजुर्ग असतील, तर यंदा झेंडावंदनानंतर मुलांना त्यांच्याजवळ बसवा.