तार वाचणारी पोरं

मुंबईहून तार आली की ती वाचायला आठवीतलं पोर शोधलं जायचं. आमच्या जावळी खोऱ्यात घरटी एखादा माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीच्या कामावर. तारेचा कागद दारात आला की बायका आधी रडायला लागत, कारण तार चांगलं सांगायला क्वचितच येई. मग कुणीतरी हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला हाक मारी. ‘ब्रदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’, एवढा मजकूर. पैसे शब्दांवर मोजले जायचे, म्हणून वाक्य मोडून सांगाडा उरलेला. कुणाचा भाऊ, कुणी निघायचं, कुठं जायचं, हे त्या तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं पाठवणाऱ्याचं नाव आणि तारघराचा शिक्का बघून ताडायचं.

माझे आबा अशा पोरांपैकी एक. त्यांनी इंग्रजी मुळाक्षर पहिल्यांदा गिरवलं ते आठवीत, आणि थोड्याच दिवसांत वाडीतल्या तारा, मनिऑर्डरीचे फॉर्म, औषधाच्या बाटल्या त्यांच्यापुढं यायला लागल्या. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे हे पोटात घ्यायचं नाही, बाहेरून लावायचं. त्याचा अर्थ चुकला असता तर माणूस गेला असता. आबांना शाळेत मात्र हे कुणी विचारलं नाही.

मी त्याच भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. गाव या मुलांना जे विचारत होतं ते पुस्तक का विचारत नव्हतं, आणि विचारायला लागलं ते कधी, हा प्रश्न मी बाळगून आहे. त्याचा माग काढायचा तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ निघालं. मूळ पुस्तक बेर्कें या फ्रेंच लेखकाचं, छत्र्यांनी ते इंग्रजीवरून मराठीत आणलं. परक्या घरातली मुलं कशी वागतात, आईबापांशी कशी बोलतात, हे मराठी मुलाला आपल्या भाषेत वाचायला मिळालं. म्हणजे रोजचं जगणं धड्यात येऊ शकतं हे आपल्याकडं सुरुवातीलाच ठाऊक होतं, फक्त ते तिकडून इकडं येत होतं. आपलं जगणं इंग्रजीत जाण्याची पहिली नियमित वाट मला १८३२च्या जानेवारीत दिसते. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. वर्तमानपत्र म्हणून त्याची थोरवी सगळे सांगतात. मी शिक्षिका म्हणून त्याच्याकडं बघते तेव्हा मला तो उत्तम इंग्रजीचा धडा वाटतो. बातमी आपल्या मुलखाची, अर्थ शेजारीच छापलेला, आणि वाचणाऱ्याला ती बातमी खरोखर हवी असलेली.

पुढची मोठी वादावादी झाली ती माध्यमावर. १८४७च्या सुमाराला सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं आणि जगन्नाथ शंकरशेट मराठीच्या बाजूनं शिक्षणमंडळात भांडले. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. दोघांच्याही वादात एक गोष्ट बाजूलाच राहिली: शिकवायचं इंग्रजी कुठल्या जगण्याचं?

त्या प्रश्नाच्या जवळ आले ते जोतिराव फुले. ते स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. सावित्रीबाईंच्या १८५४च्या ‘काव्यफुले’त इंग्रजीला माउली म्हटलेलं आहे, कारण तिनं शूद्रांना शिक्षणाचं दार उघडून दिलं होतं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळेसाठी मोडी, बाळबोध, हिशेब, शेती, आरोग्य अशा गोष्टी मागितल्या. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा थोडा असला तरी चालेल, व्यवहाराला कमी पडता कामा नये, असा त्यांचा आग्रह होता. ते बोलत होते मराठी शाळांबद्दल. पण हा आग्रह कुणी इंग्रजी वर्गापर्यंत नेला असता, तर आबांचा धडा शंभर वर्षं आधी लिहिला गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

तसं झालं नाही. इंग्रजी वर्गांची उतरंड वेगळीच बसली. आधी मराठी इयत्ता, मग ‘इंग्रजी पहिली’ ते ‘इंग्रजी सातवी’, आणि ती सातवी म्हणजे मॅट्रिक. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नोंदलं गेलं ते इंग्रजी पहिलीत. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ती शाळा आमच्या खोऱ्यातून एसटीनं तासाभराच्या आत येते, पण त्या काळी इथल्या पोराला तिथं पोहोचणं ही मोठीच गोष्ट होती. खेड्यातला मुलगा खऱ्या अर्थानं इंग्रजी वर्गात येऊन बसला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहं आणि हायस्कुलं काढल्यावर.

या वर्गांत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं पिढ्या घडवल्या. तीन भाग, नियम, शब्द, मग वाक्यं: मराठीचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. पुढं प्रशिक्षण घेताना आम्हाला शिकवलं गेलं की ही पद्धत मागासलेली, तिनं बोलता येत नाही. बोलता येत नाही हे खरं आहे. तरी तर्खडकरांवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. कारण त्यांच्या पद्धतीत वाक्य आधी मराठीत जन्माला येतं. मुलाकडं सांगण्यासारखं काहीतरी आहे, हे ती गृहीत धरते. आबा पुस्तकातली वाक्यं संपली की घरातली घ्यायचे. म्हैस आटली. धाकटी खोकते. उद्या बाजारला जायचंय, पण पाऊस थांबला तर. या शेवटच्या वाक्याचं इंग्रजी करताना जी झटापट होते, तिच्यात अर्धं व्याकरण येतं. त्यासाठी त्यांना कुठलंही साहित्य लागलं नाही, आणि घर आपोआप धड्यात आलं.

परीक्षेनं स्वीकारलेला व्यवहार एकच होता, तो म्हणजे अर्ज. रजेचा अर्ज, नोकरीचा अर्ज. ‘आय बेग टू स्टेट दॅट’पासून ‘युवर मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत सगळं पाठ. ताप आलेल्या मुलानं मास्तरांपुढं भीक मागायची आणि शेवटी स्वतःला आज्ञाधारक सेवक म्हणवायचं. कारकून घडवणाऱ्या काळाला हे हवं होतं. पण स्वातंत्र्य आल्यानंतरही कित्येक वर्षं वह्यांतून ‘बेग’ गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. चौदाव्या वर्षी परक्या भाषेत पहिल्यांदा स्वतःबद्दल काही लिहायचं आणि ते वाकून लिहायचं, याचा मुलाच्या आवाजावर परिणाम होतो. माझ्या वर्गात मी ते पहिल्या दिवसापासून काढून टाकलं होतं. ‘कृपया दोन दिवस रजा द्यावी’ एवढं सरळ इंग्रजीत सांगता येतं.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई राज्यात पाचवी ते सातवीतलं इंग्रजी काढलं आणि ते आठवीपासून ठेवलं. आबा त्या पिढीचे. मॅट्रिक जाऊन एसएससी आली, तिची पहिली परीक्षा १९४९ साली झाली, आणि अकरावीच्या त्या परीक्षेला बसायला मुलांच्या हातात इंग्रजीची चारच वर्षं उरली. यानं बहुजनांच्या दोन पिढ्या मागं पडल्या असं पुष्कळजण म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण ज्यांच्या घरी इंग्रजी होतं त्यांनी घरी शिकून घेतलं. तरीही आठवीतलं मूल उशिरा शिकतं म्हणून कमी शिकतं हे मला पटत नाही. त्या वयात तर्क जागा झालेला असतो, मराठी पक्की असते, जगाची थोडी जबाबदारी अंगावर आलेली असते. उणीव होती ती या वयाला साजेशा पुस्तकाची.

नेमकं त्याच काळात उलटं घडलं. मद्रासकडून रचनात्मक पद्धत देशभर पसरली. पुढं इंग्रजी पुन्हा पाचवीवर आलं तेव्हा ती आमच्यापर्यंत पोहोचली, आणि मी स्वतः तिच्यात शिकले. बाई पेन वर धरणार, ‘धिस इज अ पेन’. मग दाराकडं चालत चालत, ‘आय अ‍ॅम वॉकिंग टू द डोअर’. एका तासाला एक रचना, ती घोटून घोटून पक्की. तिच्या बाजूनं एवढं सांगायलाच हवं की ज्या खेड्यांत शिक्षकालाच इंग्रजी बोलण्याची धास्ती होती, तिथं थोड्या शब्दांत आणि ठरलेल्या साच्यांत तास तरी इंग्रजीतून होऊ लागला. शब्द मोजूनमापून निवडायचे हा विचारही मोलाचा होता. मायकेल वेस्ट यांनी तो ढाक्यात बंगाली मुलांना शिकवताना १९२०च्या दशकात मांडला होता. पण सगळ्यांना दिसणारं पेन सगळ्यांना सांगायचं कशाला? दहा वर्षांचं मूल ते खेळ म्हणून करतं. चौदा वर्षांच्या मुलाला, जो संध्याकाळी कुणाची तरी तार वाचून आलाय, त्याला ते अपमानासारखं लागतं. माझ्या वर्गातली मोठी मुलं खाली मान घालून बसायची ती बुद्धी कमी म्हणून नाही.

मग १९७९ साली बंगळूरला एक प्रयोग सुरू झाला. एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास आणि कडलूरच्या साध्या शाळांत, साध्या बाकांवर, पाच वर्षं तो चालवला. व्याकरणाचा क्रम ठरवलेला नाही, पाठ करायच्या रचना नाहीत. मुलांपुढं ठेवायचे प्रश्न: रेल्वेचं वेळापत्रक, शाळेचं वेळापत्रक, महिन्याचं कॅलेंडर, नकाशा, गावांमधली अंतरं, पैशांचा हिशेब, टपालाचे नियम. आणि तारसुद्धा, कमीत कमी शब्दांत निरोप कसा बसवायचा. आधी शिक्षकानं अख्ख्या वर्गाबरोबर तसाच एक प्रश्न इंग्रजीतून बोलत सोडवायचा, मग दुसरा मुलानं एकट्यानं. प्रभूंचं म्हणणं असं की मन अर्थाशी झुंजत असताना भाषा आत मुरते. ‘तुला काय वाटतं?’ या प्रश्नापेक्षा तर्कानं सुटणारा प्रश्न त्यांना जास्त पसंत होता. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, मुलाला आधार वाटतो, आणि तुटक इंग्रजीत दिलं तरी ते बरोबर असू शकतं. १९८७ साली त्यांचं पुस्तक आलं. ते माझ्या हाती लागलं तेव्हा मी त्यातली कामांची यादी आबांना मराठीत वाचून दाखवली. तारेचं नाव आल्यावर ते म्हणाले, “हे आम्हाला सरकारनं नाही, वाडीनं शिकवलं.”

त्या प्रयोगाची नंतर बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासणी केली. निष्कर्ष अनुकूल निघाले तरी एकतर्फी नव्हते, आणि पद्धत म्हणून ती देशभर स्वीकारली गेली नाही. माझ्यापुरतं मी तिचं ऐकलं. सातारा-महाबळेश्वर रस्त्यावरच्या गाड्यांचं वेळापत्रक फळ्यावर मांडलं आणि इंग्रजीत विचारलं: साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात दहा वाजता पोहोचायचंय, आजी बरोबर आहे, तिला बसायला जागा हवी, कुठली गाडी धराल? मुलांनी गणित करून उत्तर काढलं. मागच्या बाकावरून एकजण उठला: ‘बाजार डे, नॉट सीट. सिक्स थर्टी फुल.’ दुसरीनं त्याला खोडलं, तिच्या मते ती गाडी खालच्या फाट्याला रिकामी होते. दोघं इंग्रजीत भांडत होते, आणि वेळापत्रकात नसलेली माहिती त्यांच्याकडं होती. ‘देअर इज नो सीट’ हे मी मग सांगितलं, तेव्हा ते त्यांना हवंच होतं.

बोर्डाच्या पुस्तकांतही हे वारं हळूहळू आलं. ‘इन्फर्मेशन ट्रान्सफर’ म्हणजे तक्ता बघून परिच्छेद लिहिणं, संवाद पुरा करणं, तक्रारीचं पत्र. २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, त्यामुळं आठवीत येणारं मूल आता अक्षरओळख करून घेऊन येतं. १५ जुलै २०१३ला तारसेवा बंद झाली.

कागद मात्र थांबलेले नाहीत. आता बापाच्या मोबाइलवर बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात, आणि ते घरातलंच शाळकरी पोर वाचतं. ‘डेबिटेड’ आणि ‘क्रेडिटेड’मधला फरक त्याला सांगावा लागतो, कारण सोसायटीचं कर्ज, दुधाचं बिल आणि पीकविम्याची रक्कम सगळं त्या दोन शब्दांवर फिरतं. माझी एक विद्यार्थिनी आता शेजारच्या तालुक्यात नववीला इंग्रजी शिकवते. तिच्याबरोबर बसून मी या पावसाळ्यात एक धडा तयार केला. पाच मेसेज, सगळे इंग्रजीत. खात्यात शेवटी किती शिल्लक राहिली ते काढायचं, आणि पाचांपैकी कुठला मेसेज बँकेनं पाठवलेलाच नाही ते कारणासकट सांगायचं. तिच्या वर्गानं शिल्लक बरोबर काढली. खोटा मेसेज बहुतेकांनी ओळखला, पण कारण लिहिताना गाडी अडली. ‘बँकेला आपला पिन माहीत करून घ्यायची गरजच नसते’, हे मराठीत सगळ्यांना सांगता येत होतं, इंग्रजीत वाक्य जुळेना. तिनं मग ते मराठी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि त्याचं इंग्रजी करायला सांगितलं.