घारापुरीत दिवे कधी लागले?

आम्ही ऊर्जानगरच्या बचत गटातल्या. आमच्या दारातून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाळत घातलेले कपडे झटकूनच आत आणावे लागतात. १९८३ पासून इथं इरईचं पाणी आणि आसपासच्या खाणींतला कोळसा यांच्यावर वीज तयार होते. आज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. इथून निघालेली एक मोठी तार ७५२ किलोमीटर लांब, ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत जाते. म्हणजे पार मुंबईच्या उंबरठ्याशी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नऊ जणी मुंबई पाहायला गेलो. गेटवेवरून लाँचने तासाभरात घारापुरी बेटावर उतरलो. गेलो होतो लेणी पाहायला, पण परत आलो तेव्हा जास्त बोलणं झालं ते तिथल्या गावाबद्दल. तेच आज सांगतो.

बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, मिळून एकच ग्रामपंचायत. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना दुकानं. माळा, दगडी हत्ती, कैरी, काकडी, ताक. बहुतेक दुकानांत बायाच बसलेल्या.

आपल्या भद्रावतीची विजासन लेणी तुम्ही पाहिली असतील. डोंगरात सरळ खोल गेलेली वाट आणि टोकाशी बसलेला बुद्ध. घारापुरीचं मोठं लेणं वेगळंच आहे. आत शिरलं की खांबांचं मोकळं अंगणच वाटतं. बहुतेक अभ्यासक ते सहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळातलं मानतात. मागच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव आहे, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. एक मुख उग्र, मधलं शांत आणि तिसरं बाईसारखं कोवळं. आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो ते शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे. पार्वतीची मान किंचित खाली झुकलेली. दगडातली लाज इतकी खरी असू शकते, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. पुष्कळ मूर्तींचे हातपाय मात्र तुटलेले आहेत.

१५३४ साली हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. किनाऱ्यावर दगडाचा एक प्रचंड हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, आणि आपलं घारापुरी नाव बाहेरच्या जगात मागे पडलं. पुढे इंग्रजांना तो हत्ती विलायतेला न्यायचा होता. १८६४ साली उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, १९१४ साली जोडले, आणि आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीबागेत आहे. ज्याच्यामुळे बेटाला नाव मिळालं, तोच बेटावर नाही.

१९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दोन वर्षांनी जवळच न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि तिकडचे दिवे रात्रभर झगमगू लागले. आणि बेटावर? संध्याकाळी डिझेलचं जनित्र तीन-साडेतीन तास चालायचं, मग अंधार. एका दुकानातल्या मावशी म्हणाल्या, "ताई, मुंबईचा उजेड आम्हाला रोज दिसायचा, पण त्यात भाकरी थापता येत नव्हती." जनित्र बंद होण्याआधी स्वयंपाक उरकायचा, पोरांचा अभ्यास उरकायचा. रात्री कोणी आजारी पडलं तर अंधारातच पायऱ्या उतरून होडी शोधायची.

फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून तिन्ही वस्त्यांना वीज मिळाली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. आमच्यातली एक पटकन म्हणाली, "म्हणजे आमचीच वीज!" तसं ठामपणे म्हणता येत नाही. सगळ्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते, कुठला थेंब कुठल्या विहिरीचा हे कोण सांगणार? पण मावशींनी फ्रीज उघडून ताकाचे ग्लास काढले तेव्हा आम्हाला बरं वाटलं, हे खरं. पूर्वी बर्फ मुंबईहून यायचा आणि येता येता निम्मा वितळायचा, असं त्या सांगत होत्या. आता ताक नासत नाही, म्हणून दोन पैसे सुटतात.

सगळं सुटलं असं नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते. वरच्या वर्गांसाठी पोरांना अजून होडी गाठावी लागते. वारसा जपायचा म्हणून बांधकामावर बंधनं आहेत, आणि घर वाढवायचं तर परवानगीचा घोर. लेणी जपायलाच हवीत, पण खाली राहणाऱ्यांचं म्हणणंही त्याच कागदावर यायला हवं, असं आम्हाला वाटतं. राख झेलणाऱ्या आम्हाला ते लवकर कळलं.

जायचं असेल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही, म्हणून शेवटची लाँच चुकवू नका. आमची जवळजवळ चुकलीच होती. पळत पळत चढलो, लाँच सुटली, आणि मागे वळून पाहिलं तर शेतबंदरच्या घरांत एकेक दिवा लागत होता.